यंत्राचा दोष

या घराण्यात माणूस चुकत नसे. चुकत असे ते यंत्र. थोरल्या मुलाचे विमान धुक्यात टेकडीच्या उतारावर आदळले तेव्हा चौकशी समितीने ‘तांत्रिक बिघाड’ असे दोन शब्द लिहिले, आणि त्याच्या वडिलांनी, साहेबांनी, त्या दोन शब्दांच्या पायावर उरलेले कुटुंब उभे केले. धाकट्याला हवाई दलाच्या डॉक्टरांनी डोळे तपासून परत पाठवले, तर दोष तपासणीच्या यंत्राचा ठरला. धाकट्याने पुढे चष्म्यांचे दुकान थाटले, बाटलीच्या बुडासारख्या भिंगांआडून तो जगाकडे पाहू लागला, तरी त्या यंत्रावरचा ठपका कुणी मागे घेतला नाही. साहेब स्वतः हवाई दलात नवख्या वैमानिकांना शिकवत असत. निवृत्तीला एक पिढी लोटली होती, पण मुले, सून, पेपर टाकणारा, एक नात सोडली तर सगळे त्यांना साहेबच म्हणत. त्यांची पत्नीही जन्मभर साहेबच म्हणाली. शेवटच्या आजारात ती एकदा ‘अहो’ म्हणाली, तेव्हा ही हाक कुणाला, हे साहेबांना चटकन उमगले नव्हते.

आता पाळी घारूची होती. थोरल्याची ही एकुलती एक मुलगी. लहानपणी तिने कपाटावरून उडी मारली, तेव्हा साहेबांनी कौतुकाने हे नाव ठेवले. हात मोडला तो जुळला, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. वैमानिक व्हायचे तर पहिला उंबरठा कल-चाचणीचा, जिला घरात नुसते ‘टेस्ट’ म्हणत. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेल्याला हवाई दलात दुसरी कामे मिळतात, हिशेब ठेवता येतो, हवामान सांगता येते. उडता मात्र येत नाही, पुन्हा कधीच नाही. या चाचणीची तयारी करता येत नाही आणि करू नये, असे सूचनापत्रकात स्वच्छ छापले होते. हे वाक्य भित्र्यांना गाळण्यासाठी घातलेले आहे, असा निर्णय देऊन साहेबांनी दिवाणखान्यातले जेवणाचे टेबल भिंतीला लावले आणि तयारीला आरंभ केला.

एका दंतवैद्याने मोडीत काढलेली खुर्ची आली. जुन्या शिवणयंत्राचा पायटा कापून त्याची दोन पेडल झाली, उजव्या हाताशी एक दांडा बसला, आणि समोरच्या पडद्यावर एक ठिपका भरकटू लागला. दांड्याने आणि पेडलांनी तो ठिपका चौकटीत धरून ठेवायचा, एवढेच काम. फक्त तेच करताना लाल दिवा लागला तर डाव्या हाताने बटण दाबायचे, घंटा वाजली तर ती कोणत्या बाजूची ते ओळखून कळ फिरवायची, आणि मधूनच कुणी आकडे सांगितले तर त्यांची बेरीज बोलायची. खऱ्या टेस्टमध्ये हे सगळे यंत्र करते. इथे यंत्राच्या जागी कुटुंब बसले. दिवा काकाकडे, कारण दिवे आणि भिंगे हा त्याचा धंदा. आकडे आत्याकडे, ती वकील होती, घरात तिला वकीलबाईच म्हणत, आणि माणूस गोंधळेल अशा वेळी प्रश्न टाकणे हे तिचे पोटापाण्याचे कौशल्य. घंटा घारूच्या आईकडे, म्हणजे वहिनीकडे. साहेब मागे उभे राहत आणि काहीच करत नसत, जे सर्वांत अवघड होते.

महिन्याभरात घारू चुकेनाशी झाली. ठिपका चौकटीत खिळून राही, दिवा लागायच्या आत बोट बटणावर असे. काका हरखून म्हणाला, “हिच्या अंगात रक्त नाही, पेट्रोल आहे. हिला जेवायला कशाला वाढता, टाकी भरा.” साहेब हसले. ते हसले की घरातले सगळे हसत. त्या दिवशी सगळे थोडे जास्तच हसले.

वहिनी हसली नाही असे नाही. पण बोट बटणावर दिव्याच्या आधी कसे पोचते, हे या खोलीत तिला एकटीला कळले होते. ती इस्पितळाच्या कान-विभागात नोकरीला होती. बंद काचेच्या खोलीत माणसाला बसवायचे, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि बारीकसा आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचे, हे तिचे रोजचे काम. त्या कामात नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावले जाते की आपला हात लपवा, श्वाससुद्धा लपवा, आणि आवाज कधी ठरावीक अंतराने देऊ नका. कारण ठार बहिरा माणूसही समोरच्याचा खांदा पाहून वेळेवर बटण दाबतो. दिवा लावण्याआधी काका चष्मा बोटाने वर सारत होता. आकडा टाकण्याआधी वकीलबाई ओठांवरून जीभ फिरवत होती. घारू दिवे आणि आकडे शिकत नव्हती; ती माणसे वाचत होती. आणि का वाचू नये? या घरात वाढलेल्या प्रत्येकाने हीच एक विद्या पोटाला चिमटा काढून कमावलेली होती: साहेबांनी वर्तमानपत्र टेबलावर कसे ठेवले, यावरून संध्याकाळ कशी जाणार ते ओळखायचे, आणि त्याप्रमाणे घाबरून घ्यायचे, म्हणजे नंतर घाबरायला वेळ लागत नाही.

हे सांगायला एक वाक्य पुरले असते. वहिनीने ते सांगितले नाही. घंटा कशी वाजवावी हे तिला ठाऊक होते; तरी तिने ती घरातल्या इतरांसारखीच वाजवली, आधी खांदा उचलून, श्वास घेऊन, लेकीला दिसेल अशी.

कारण लग्नाच्या पहिल्याच वर्षी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पाय हलवत, नवऱ्याने तिला एक गोष्ट हसत हसत सांगितली होती. तो टेस्टमध्ये नापास झाला होता. साहेबांनी एक फोन केला, त्या दिवशी यंत्रात बिघाड होता असा शेरा पडला, आणि चाचणी पुन्हा झाली, या खेपेला समजूतदार परीक्षकापुढे. “दोन गोष्टी एकदम आल्या ना, की मला तिसरी दिसतच नाही,” तो म्हणाला होता. “एरवी काही प्रॉब्लेम नाही. आणि सारख्या कोण दोन गोष्टी आणतंय एकदम?” त्या टेकडीपाशी धुके होते, इंधनाचा इशारा वाजत होता, आणि तिसरी गोष्ट टेकडी होती. वहिनीने हे कुणालाही सांगितले नव्हते. मेलेल्या माणसाला घरात बसायला एकच खुर्ची असते, आणि ती साहेबांनी दिलेली होती.

*

टेस्टच्या दिवशी पालकांना फाटकाच्या आत जाऊ देत नसत. वहिनी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिली. तिथे तिच्यासारखी आणखी माणसे होती. कुणी कुणाशी बोलत नव्हते, सगळे फाटकाकडे पाहत होते आणि पाहत नसल्यासारखे करत होते. सकाळी आत गेलेल्या प्रत्येक मुलाच्या छातीवर एक नंबर बांधलेला होता. दुपारी फाटक उघडले, तेव्हा ज्यांच्या छातीवर नंबर उरला नव्हता ती मुले बाहेर आली. घारू त्यांत होती. तिची चाल नीट होती, शर्ट नीट खोचलेला होता, फक्त नंबराच्या जागी टाचणीची दोन भोके होती आणि ती त्यांच्यावरून बोट फिरवत होती.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. बरेच थांबे गेले. आतला अधिकारी फार सभ्य होता, ती म्हणाली. इतका सभ्य, की आपण नापास आहोत हे कळायलाच वेळ लागला. त्याने हात मिळवला, दुसऱ्या शाखांची माहितीपत्रके दिली. मग एकदम ती म्हणाली, “आई, तिथे कोणीच नव्हतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे दिवे आपले आपण लागत होते. आवाज कुठूनही येत होते. मी सारखी वाट बघत होते, कोणीतरी आधी काहीतरी करेल म्हणून. आणि कोणी काही करेचना.”

वहिनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती बंद खोली तिला ठाऊक होती. रोज सकाळी ती एकेकाला तशाच खोलीत बसवून बाहेरून दार लावत असे. आपल्याला सुटल्यासारखे वाटते आहे, हे तिच्या ध्यानात आले, आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून तिने कंडक्टरकडे पाहिले. शेजारी बसलेल्या मुलीला चेहरे वाचता येत होते.

*

घरी ते ऐकल्यावर पहिली काही मिनिटे कुणी कुणाकडे पाहिले नाही. दंतवैद्याची खुर्ची दिवाणखान्याच्या मधोमध होती. तिला वळसा घालून सगळे बसले. मग काकाने विचारले, की हेडफोन नीट होते का, कारण सरकारी सामान म्हणजे काय ते आपण जाणतोच. घारू म्हणाली, नीट होते. वकीलबाईने खुर्ची पुढे ओढली. इथून पुढे जे झाले ते वहिनीने यापूर्वीही या घरात पाहिले होते, पण इतक्या जवळून कधी नाही.

वकीलबाईने पेडलबद्दल विचारले. घारू म्हणाली, पेडल ठीक होते. थोड्या वेळाने वकीलबाईने तोच प्रश्न वेगळ्या अंगाने विचारला, घरच्या पेडलपेक्षा जड होते का. घारू म्हणाली, माहीत नाही. पाणी आणले गेले, काकाने आपल्या एका गिऱ्हाइकाची हकिकत सांगितली, ज्याचा चष्म्याचा नंबर खराब यंत्रामुळे तीनदा चुकीचा निघाला होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर घारू म्हणाली, की डावे पेडल जरा जड वाटले खरे. दिवेलागणीपर्यंत ते अडकू लागले. अंधार पडेपर्यंत ते अडकत होते हे सगळ्यांनाच पहिल्यापासून माहीत होते, आणि घारूच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. इतिहास असाच लिहिला जातो. फक्त तो लिहिणाऱ्यांना मानधन मिळते, आणि इथे सारे प्रेमापोटी चालले होते.

वहिनीने धाकट्या दिराकडे पाहिले. मागच्याच आठवड्यात दुकानात, गिऱ्हाईक नसताना, तो तिला म्हणाला होता की वहिनी, पोरीने नाही उडवलं विमान तर काय आकाश पडणार आहे का, मी बोलतो साहेबांशी. आता तो साहेबांना त्यांचा वाचायचा चष्मा पुसून देत होता.

साहेब उठले. चाचणी केंद्राचा सध्याचा प्रमुख त्यांच्या हाताखाली शिकला होता. पहिल्यांदा एकट्याने विमान उतरवले तेव्हा रडला होता, आणि हे साहेबांनी कुणाला सांगितले नव्हते, याचे ओझे तो अजून वाहत होता. साहेब फोनपाशी गेले. मोठ्याने काही बोलायची गरजच नव्हती. ते एवढेच म्हणाले, की पेडलचं तेवढं बघून घ्यायला सांगतो.

वहिनीपाशी वेळ थोडा होता आणि तिने तो मोजूनमापून वापरला. ‘नको, ती मरेल’ असे म्हटले असते तर ती रडणारी आई झाली असती, आणि रडणाऱ्या आईची या घरात चोख व्यवस्था होती: पाण्याचा पेला आणि वकीलबाईचा पाठीवर हात. दोष यंत्राचा नाही, आपल्या तयारीचा आहे, असे समजावले असते, तर साहेबांनी तयारी सुधारली असती आणि फोन अधिक उत्साहाने केला असता. हा हात थांबवील असे एकच वाक्य जगात होते, आणि ते सर्वांसमक्ष बोलायला हवे होते, एकांतात त्याची किंमत शून्य.

“त्यांच्या वेळी केला होतात तसाच ना, साहेब?” ती म्हणाली.

साहेबांचे बोट आकड्यांवर थांबले. “कोणाच्या वेळी?”

“ह्यांच्या. पहिल्यांदा नापास झाले होते. मला त्यांनीच सांगितलं. तुम्ही फोन केलात, यंत्र बिघडलं होतं असा शेरा आला, आणि पुन्हा टेस्ट झाली.”

काका चष्मा काढून पुसू लागला आणि पुसतच राहिला. डोळ्यांवर भिंगे नसली म्हणजे त्याला समोरचा माणूस दिसत नसे, आणि ती सोय तो नेहमी वेळेवर वापरी. तो तेव्हा याच घरात होता. त्याला ठाऊक आहे, हे वहिनीने त्याच्या मानेवरून ओळखले.

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला, हळू, आवाज न करता. “मी आयुष्यात कोणासाठी फोन केलेला नाही,” ते म्हणाले. फोनपाशी उभे राहून, अर्धा नंबर फिरवून झाल्यावर त्यांनी हे म्हटले, आणि खोलीतल्या एकालाही त्यात काही विसंगत दिसले नाही.

“वहिनी, तू काय बोलतेयस ते कळतंय का तुला?” वकीलबाईचा आवाज कोर्टातला नव्हता, बहिणीचा होता. “माझा भाऊ होता तो. उत्तर द्यायला तो आहे का इथे?”

“दादा पहिल्या फटक्यात पास झाला,” काका भिंगांकडे पाहत म्हणाला. “मी होतो ना घरात.”

वहिनीने अपेक्षिले होते तसेच सगळे घडत होते. एकाच गोष्टीची तिने गणना केली नव्हती, आणि ती गोष्ट आता खुर्चीवरून उठून उभी राहिली.

“असू दे ना मग,” घारू म्हणाली. तिचा आवाज शांत होता, त्यात थोडी आशासुद्धा होती. “बाबा नापास झाले असतील तर होऊ देत. मला चालेल. नंतर उडवलंच ना त्यांनी विमान? आजोबा, माझ्यासाठीही तसाच फोन करा.”

साहेबांनी नातीकडे पाहिले. मग भिंतीवरच्या तसबिरीकडे, जिथे गणवेशातला मुलगा नातीपेक्षा फार मोठा दिसत नव्हता. त्या म्हाताऱ्याला दोहोंतला एकच वाचवता येत होता. निवड करायला त्याला वेळ लागला, हे तिने त्याच्या खाती जमा केले. त्याच्या खाती तिला जमा करता येण्यासारखे एवढेच होते.

“तुझ्या बापासाठी मी फोन केला नव्हता,” साहेब म्हणाले. “तुझ्यासाठीही करणार नाही. या घरात तसं होत नाही.”

संपले. ज्या खोटेपणाने नवरा नेला होता त्यानेच मुलगी परत दिली होती. वहिनीला वाटले की आता उठावे, भांडी आवरावीत, कुणी बोलले तर ऐकून घ्यावे. पण घारू तिच्यासमोर येऊन जमिनीवर बसली आणि तिने आईचे दोन्ही हात धरले. या घरात वहिनीच्या बाजूने उभे राहिलेले हे पहिले माणूस.

“आई, खरं आहे ना? तू खोटं बोलत नाहीस, मला माहितीये. सांग त्यांना. काकालाही माहितीये, बघ त्याच्याकडे. तू सांगत राहिलीस ना, तर त्यांना मानावं लागेल. मग ते करतील फोन.”

पोरगी हुशार होती. माणसे वाचण्यात तिची चूक होत नव्हती. वहिनी सांगत राहिली असती तर आज नाही, उद्या काका डगमगला असता. परवा वकीलबाईने विचार केला असता की मेलेल्याचा मान मोठा की जिवंत पोरीचे आयुष्य. आणि मग एका सकाळी, कुणी पाहत नसताना, साहेबांनी तो नंबर पूर्ण फिरवला असता. सत्य या घरात इतक्या वर्षांनी आले होते, आणि ते हात जोडून तोच फोन मागत होते.

“नाही,” वहिनी म्हणाली. “मी खोटं बोलले.”

घारूने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. वहिनीने तो चेहरा तसाच धरून ठेवला, जसा ती रोज काचेच्या पलीकडून धरते: डोळे स्थिर, खांदे स्थिर, श्वास दिसणार नाही असा.

“रागाच्या भरात बोलले. तुला पुन्हा पाठवायचं नव्हतं, म्हणून. तुझे बाबा पहिल्याच वेळी पास झाले होते.”

वकीलबाईने डोळे मिटले आणि नुसती मान हलवली, जणू साक्षीदार अखेर फुटला. काकाने चष्मा घातला. साहेब सुनेजवळ आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जे त्यांनी तिच्या लग्नानंतर केले नव्हते, आणि तिचा नवरा गेला तेव्हाही केले नव्हते. “झालं ते झालं, सूनबाई,” ते म्हणाले, आणि त्या स्पर्शात कृतज्ञता होती हे तिला सहन झाले नाही.

घारू अजून तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती. काही सापडले नाही. तिने आईचे हात सोडले, सावकाश, उसनी वस्तू जागेवर ठेवावी तसे.

“म्हणजे मी एकटीच,” ती म्हणाली. “सगळ्यांत मीच एक नापास.”

काका पुढे झाला आणि दंतवैद्याची खुर्ची भिंतीकडे ढकलू लागला. ती जड होती, म्हणून वकीलबाईने दुसऱ्या बाजूने हात लावला. वहिनी बसल्या जागी बसून राहिली. मुलगी आतल्या खोलीत गेली, आणि कडी लागल्याचा आवाज आला.